आणखी एक शनिवार

ब्रिटाने पाकीट पर्समधून अर्धं बाहेर काढलं होतं, तेवढ्यात तिच्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "इंजिन गरम आहे."

तिने वळून पाहिलं. मळकी निळी टोपी, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू हे अंगण त्याचंच. बोटीच्या मागच्या इंजिनावर त्याने तळहात टेकवला होता, तापलेल्या मुलाच्या कपाळावर टेकवावा तसा.

"मग?" ती म्हणाली. "इंजिनच ते. गरम असणारच."

"चालवल्यावर असणार. ही बोट गेल्या सप्टेंबरपासून ताडपत्रीखालून हलली नाही, असं आत्ताच हे म्हणाले ना?"

विकणाऱ्या गृहस्थांना एकदम खोकला आला. सकाळी जरा बॅटरी तपासली, असं काहीतरी ते पुटपुटले.

"थंड असलं की हे सुरू व्हायला रडतं," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवतात. जुनी बोट घ्यायची तर आधी इंजिनाला हात लावायचा. थंड लागलं तरच पुढचं बोलायचं."

खरं तर ब्रिटाने आभार मानायला हवे होते. पण तिला राग आला. तीन आठवडे ती जाहिराती चाळत होती. सहा हजार डॉलरांत बसेल, घरातली चार माणसं मावतील आणि मागे स्कीवर उभा माणूस दोरीने ओढण्याइतका दम असेल, अशी ही पहिलीच बोट दिसली होती. आणि हा कोण कुठला...

"तुम्हालाच हवी असेल ही," ती म्हणाली. "म्हणून मला हुसकावताय."

"मला? छे! मला फक्त हिचे सुटे भाग हवेत. मोडीत कधी निघते त्याची वाट बघतोय. साधारण जुलैत निघेल."

तिला हसायचं नव्हतं. तरी ती हसली. तिथेच सगळा घोळ झाला.

त्याचं नाव नेल्स. पलीकडच्या गावात त्याचं बोटी दुरुस्त करायचं दुकान होतं. दोघं आपापल्या गाडीकडे चालत गेले आणि गाड्यांपाशी पोचूनही तिथेच उभे राहिले.

"सहा हजारांत मिळेल बोट," तो म्हणाला. "पण बघून घ्यावी लागेल. शनिवारी मी मोकळा असतो."

"आणि तुमची फी?"

"तुम्ही काय करता?"

"बेकरीत असते. नॉर्डालच्या."

"मग दालचिनीचे रोल. दर शनिवारी दोन."

"एक."

"दीड," तो म्हणाला, "आणि उरलेला अर्धा तुम्ही माझ्यासमोर खायचा."

बोट तिला स्वतःसाठी नको होती. पासाठी हवी होती.

पा म्हणजे तिचे वडील, आर्व्हिड टोफ्टे. तळ्याकाठच्या अर्ध्या गावाला त्यांनी पाण्यावर स्कीवर उभं राहायला शिकवलं होतं. त्यांचा एकच नियम होता. दोरी ताणली, स्कीवाला पाण्यात तयार झाला, तरी तो स्वतः "चल!" म्हणून ओरडल्याशिवाय बोट हलायची नाही. आठ वर्षांची ब्रिटा पहिल्यांदा पाण्यात उतरली तेव्हा भीतीने तिचा आवाजच फुटेना. बोटीतली भावंडं कंटाळली, आई म्हणाली, "उद्या बघू." पा मात्र सुकाणूच्या चाकावर हात ठेवून वीस मिनिटं शीळ घालत बसले. "मला घाई नाही, बाळा," ते म्हणत होते, "तू म्हणशील तेव्हा."

चार वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात ती बोट विकली गेली. पाठोपाठ आईही गेली. आणि या एप्रिलमध्ये, तळ्यावरचं बर्फ फुटत असताना, पाच्या हृदयाकडे बघून डॉक्टर म्हणाले की उन्हाळा बहुधा निघेल. पुढचं ते बोलले नाहीत, आणि कुणी विचारलंही नाही.

पाने घरी आल्यावर एवढंच म्हटलं, "एकदा मी चालवतो, तू मागे उभी राहा. एक फेरी. मग झालं."

जुन्या बोटीच्या तळाशी पाणी काढून टाकायला असलेल्या भोकाचं पितळी बूच त्यांनी विकताना काढून घेतलं होतं, नव्या मालकाला दुसरं घेऊन दिलं होतं. ते अजून त्यांच्या कोटाच्या खिशात असायचं. बोट पाण्यात सोडण्यापूर्वी ते विचारायचे, "बूच?" आणि सगळ्या पोरांनी एका सुरात ओरडायचं, "बसलं!"

मिनेसोटातला उन्हाळा तो केवढा! हातात धरेपर्यंत संपतो. ब्रिटाला तेवढ्यातच बोट मिळवायची होती.

पहिल्या शनिवारची बोट दिसायला नवरीसारखी नटलेली होती, पण नेल्सने आत पाय ठेवला तर तळाची जमीन स्पंजासारखी दबली. दुसरीच्या इंजिनातलं पाणी कुणीतरी हिवाळ्यापूर्वी काढायला विसरलं होतं. आत बर्फ धरून लोखंड तडकलं होतं. "एका संध्याकाळचा आळस," नेल्स हळहळला, "आणि इंजिन कायमचं गेलं." तिसरी धड होती, पण इतकी अशक्त की मागे बदक ओढतानाही धापा टाकली असती.

आणि दर वेळी तो स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने बोटीची मागची फळी ठोकून बघायचा. इंजिनाचं सगळं ओझं तीच पेलते, पण लाकूड आत असतं, वरून दिसत नाही.

"ऐक," तो तिला म्हणायचा. 'तुम्ही' कधीच मागे पडलं होतं. "टण् वाजलं तर लाकूड कोरडं. भद् वाजलं तर आत पाणी शिरलंय. कान लाव."

ती कान लावायची. तोही दुसऱ्या बाजूने कान लावायचा. मग दोघांचे चेहरे वीतभर अंतरावर... आणि भद् वाजलं की टण्, ते दोघांनाही पुन्हा एकदा ठोकून बघावं लागायचं.

जूनच्या अखेरीस गावातल्याच डोरिसबाईंची बोट विकायला निघाली. बाईंचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. बोट धान्याच्या कोठारात चादर पांघरून ठेवलेली. अठरा फुटी, पांढरी, कडेला फिकट हिरवी रेघ. नवऱ्याने कोणत्या तारखेला कोणतं तेल बदललं ते एका वहीत लिहून ठेवलेलं. इंजिन बर्फासारखं थंड होतं, आणि चावी फिरवताच पहिल्या झटक्यात सुरू झालं. बाईंनी सांगितलेली किंमत सहा हजारांच्याही आत होती.

"मुलं नसलेल्या घरात कशाला हवी बोट," बाई म्हणाल्या. "कुणीतरी हिच्या मागे ओरडत, पडत, हसत जायला हवं."

ब्रिटाला आत्ताच दिसत होतं, पा त्या चाकामागे बसलेत, टोपी मागे सरकवलीय...

नेल्स मागे गेला. ठोकलं. ब्रिटाने सवयीने कान लावला. टण्, असंच वाजलं असं तिला वाटलं. त्याने पुन्हा ठोकलं. मग बराच वेळ तो नुसताच बसून राहिला.

"नको," तो शेवटी म्हणाला. "मागची फळी... आतून ओली आहे."

ब्रिटाने त्याच्याकडे पाहिलं. तो स्क्रू-ड्रायव्हर पुसत होता, आणि पुसून झाला तरी पुसतच होता. आपला कान तो काय, त्याचा कान तो काय, असं तिने मनाशी म्हटलं. दुसरं काही मनात येऊ लागलं, ते तिने येऊ दिलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "मग... पुढच्या शनिवारी?"

"पुढच्या शनिवारी," तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

पुढच्या शनिवारी दुसरीच एक बोट पाण्यात उतरवून बघायची होती. रिमझिम पाऊस, तळ्यावर धुकं, लांब कुठेतरी लून पक्ष्याची ती रडवेली हाक. ब्रिटाने आईचा पिवळा रेनकोट घातला होता. नेल्सने ट्रेलर उतारावरून मागे घेतला, बोट सोडली, दोरी हातात घेतली आणि तिच्याकडे बघत उभा राहिला.

"काय बघतोस?"

"काही नाही. पिवळा रंग..."

"पिवळ्या रंगाचं काय?"

"छान आहे. म्हणजे... रंग म्हणून."

"रंग म्हणूनच ना?"

"ब्रिटा, मला तुला एक..."

"नेल्स! बोट!"

बोट मागच्या बाजूने पाण्याखाली चालली होती. होड्यांचा हा डॉक्टर तळाचं बूच बसवायलाच विसरला होता! कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्याने ते चाचपडत बसवलं, मालक काठावरून शिव्या घालत होता, आणि ब्रिटा धक्क्यावर पोट धरून हसत होती. गेल्या चार वर्षांत ती असं हसली नव्हती. जे सांगायचं होतं ते मात्र त्या पाण्यात वाहून गेलं.

घरी येऊन तिने पाला सगळं साग्रसंगीत सांगितलं. पा इतके हसले की त्यांना धाप लागली. उशीला टेकून श्वास जमवत ते म्हणाले, "बोटी दुरुस्त करणारा माणूस... आणि बूच विसरला?"

"हो ना!"

"कुठे बघत होता तो?"

ब्रिटा त्यांची उशी नीट करू लागली. पा तिच्याकडे बघत राहिले. मग अगदी सहज त्यांनी विचारलं, "ती डोरिसची बोट का नको म्हणाला होता गं हा?"

"मागची फळी ओली आहे म्हणे."

"असं," पा म्हणाले. "असं होय." आणि त्यांनी डोळे मिटले. पण ओठांवरचं हसू तसंच होतं.

त्यानंतर त्यांनी बोटीची चौकशी कधी केली नाही. उलट शनिवार आला की तेच तिला घाई करायचे. "जा की! तो तिकडे ताटकळत असेल. आणि हे बघ, दोन रोल ने. दीडने काय होतंय?" एकदा नेल्स तिला सोडायला आला तेव्हा पाने त्याला आत बोलावलं. तासभर दोघं मासेमारीवर बोलत बसले. नेल्स सारखा "मिस्टर टोफ्टे, मिस्टर टोफ्टे" करत होता. "आर्व्हिड म्हण रे," पा म्हणाले, "मी काय तुझा बँकवाला आहे?" निघताना नेल्सचा चेहरा उतरला होता. व्हरांड्याच्या पायरीवर तो म्हणाला, "मला वाटलं नव्हतं ते इतके... ब्रिटा, त्यांच्याकडे किती दिवस आहेत?"

"उन्हाळा," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी नेल्सने डोरिसबाईंना फोन लावला. बोट अजून आहे का, विचारायला. बाई म्हणाल्या, बोट दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवली आहे. कुणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. मग तो वेड्यासारखा शोधू लागला. आता शनिवार नाही, रोज. पण जुलैत कोण बोट विकतो? ज्याच्याकडे चांगली आहे तो पाण्यात असतो.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पा अंथरुणाला खिळले. एका दुपारी खिडकीतून तळं दिसत होतं. कुणाची तरी पोरं स्कीवर पडत होती, पुन्हा उठत होती. पाने उशाखालून पितळी बूच काढून ब्रिटाच्या मुठीत ठेवलं.

"पा, बोट मिळाली नाही रे," तिला रडू आवरेना. "मी... मला जमलं नाही."

"मिळेल," पा म्हणाले. "मला घाई नाही, बाळा."

दोन दिवसांनी ते गेले. सकाळी, कॉफी उकळत असताना.

दफनविधीनंतर चर्चच्या तळघरात बायांनी नेहमीप्रमाणे कॉफी आणि हॅमचे सँडविच मांडले होते. ज्यांना ज्यांना पाने स्की शिकवली होती ते सगळे आले होते, काही तर आता आजोबा झाले होते. कोपऱ्यात नेल्स उभा होता. अंगावर उसना कोट, हातातली कॉफी गार. ब्रिटाच्या नजरेला नजर देत नव्हता.

डोरिसबाई तिच्याशेजारी येऊन बसल्या.

"पोरी, बोट घेऊन जा आता केव्हाही. राखून ठेवलीय."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठीच की. तुझ्या बापाने जुलैत फोन केला होता मला. विचारलं, डोरिस, तुझ्या बोटीची मागची फळी ओली आहे का? मी म्हटलं, आर्व्हिड, वाटेल ते बोलू नकोस, माझ्या नवऱ्याने ती स्वतःच्या हाताने नवी घातलीय, हाडासारखी कोरडी आहे. तर हा माणूस हसायलाच लागला. म्हणाला, कुठेतरी पाणी मुरतंय खरं, पण फळीत नाही. म्हणाला, बोट सप्टेंबरपर्यंत कुणाला देऊ नकोस, आणि मी विचारलं होतं हे पोरांना सांगू नकोस. त्यांना शोधू दे."

ब्रिटाने हातातली बशी टेबलावर ठेवली.

"मी म्हटलं, अरे, पण तुला फेरी मारायची आहे ना?" बाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. "तर म्हणतो, माझ्या फेऱ्या पुष्कळ झाल्या, डोरिस. आईच्या मागे ही पोरगी आत्ता कुठे हसायला लागलीय. उगाच मध्ये बोट कशाला आणू?"

ब्रिटा उठली. नेल्स आता तिथे नव्हता. बाहेर चर्चच्या मागच्या पायऱ्यांवर तो बसला होता, टोपी दोन्ही हातांत पिळत.

"मला तुला सांगायचंय," तिला बघताच तो उभा राहिला. त्याचा आवाज चिरकला. "फळी कोरडी होती, ब्रिटा. मी खोटं बोललो. वाटलं, बोट मिळाली की तू... शनिवार संपतील. एकच मागत होतो मी, आणखी एक शनिवार. मला खरंच माहीत नव्हतं की त्यांच्याकडे... तू म्हणाली होतीस आजारी आहेत, पण मी... तुला माझं तोंड बघायचं नसेल तर मी जातो."

त्याच्यावर ओरडणं किती सोपं झालं असतं. सगळा दोष त्याच्या गळ्यात घालून मोकळं होता आलं असतं. तो निमूटपणे घेऊन गेलाही असता.

"मी ऐकलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"टण्. तूच शिकवलं होतंस ना? मला स्वच्छ ऐकू आलं होतं, नेल्स. आणि तुला नसलं तरी मला माहीत होतं, पाकडे किती दिवस आहेत ते. तरी मी म्हटलं, पुढच्या शनिवारी?" ती खालच्या पायरीवर बसली. "तुझ्यापेक्षा माझं खोटं मोठं आहे."

मग तिने त्याला पाच्या फोनबद्दल सांगितलं. सांगता सांगता दोनदा थांबावं लागलं. नेल्सने चेहरा टोपीत लपवला आणि तो धरबंध सोडून रडला. ती त्याच्या खांद्याला डोकं टेकून बसली. त्या दिवशी ते एकमेकांना एवढंच बोलले. 'प्रेम' हा शब्द दोघांपैकी कुणालाच उच्चारवला नाही, कारण त्याची किंमत तिसऱ्याच माणसाने चुकती केली होती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी तळं रिकामं झालं होतं. पाहुणे गेले होते, लोक लाकडी धक्के पाण्यातून ओढून काढत होते. काठावरची मेपलची झाडं लाल व्हायला लागली होती. डोरिसबाई स्वेटर घालून बोटीत आधीच बसल्या होत्या. कुणीतरी ओरडत, पडत, हसत जाताना त्यांना बघायचं होतं.

उतारावर ट्रेलर थांबला. आता कुणीतरी विचारायचं होतं, आणि विचारणारा नव्हता. नेल्सने तोंड उघडलं आणि मिटलं.

"विचार," ब्रिटा म्हणाली.

"बूच?" त्याने हळूच विचारलं.

तिने पितळी बूच तळाच्या भोकात घालून फिरवलं. बरोबर बसलं. "बसलं," ती म्हणाली, पण ते ओरडणं नव्हतं.

पाणी अंगाला चावत होतं. पायांत स्की, हातांत दोरीची मूठ, गळ्यापर्यंत पाण्यात ती तरंगत राहिली. दोरी ताणली गेली. पुढे इंजिन संथ गुरगुरत होतं. चाकामागची ती जागा तिला दिसत होती, तिथे बसलेला माणूसही दिसत होता. आणि जो बसायला हवा होता तो नव्हता, हे इतकं लख्ख दिसत होतं की तिचा आवाजच फुटेना. आठव्या वर्षी फुटला नव्हता, तसा.

एक मिनिट गेलं. पाच गेली. डोरिसबाई काहीतरी कुजबुजल्या. "मुलगी गारठेल रे..." ब्रिटाला वाटलं, आता तो विचारणार, काय झालं, परत येऊ का, उद्या बघू का...

नेल्स वळलाही नाही. चाकावर हात ठेवून तो नुसता बसून होता. मग हळूच, बेसूर, त्याने शीळ घालायला सुरुवात केली. पा कसे बसायचे, ते तिनेच त्याला कधीतरी सांगितलं होतं.

ब्रिटा रडली. तळ्यात तळ्याएवढं रडली. शीळ चालूच होती, तिला घाई नव्हती.

मग तिने मूठ घट्ट आवळली.

"चल!" ती ओरडली.